हौशी लेखनाची खाजगी कारणे : नारळीकरांच्या पहिल्या विज्ञानकथेच्या निमित्ताने

मराठी नाट्यव्यवहारात ‘हौशी’ हा शब्द मानाने वापरला जातो. व्यावसायिक रंगभूमीने जे प्रयोग टाळले ते हौशी मंडळींनी केले, ही गोष्ट नाट्येतिहासकार आवर्जून नोंदवतात. कथा-कादंबरीच्या प्रांतात मात्र याच शब्दाला उणेपणाचा अर्थ चिकटला आहे. ‘हौशी लेखक’ असे म्हटले की समीक्षकाला त्याच्याविषयी अधिक काही बोलण्याची गरज उरत नाही. हा भेद जरा चमत्कारिक आहे. मराठीत केवळ लेखनावर चरितार्थ चालवणारे कथाकार सर्वच काळांत अपवादभूत होते. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ या काळात शिरोड्याच्या शाळेत शिक्षक होते. ना. सी. फडके तत्त्वज्ञान शिकवीत, गंगाधर गाडगीळ अर्थशास्त्र शिकवीत, अरविंद गोखले यांचे शिक्षण आणि अध्यापन कृषिविज्ञानाचे होते, जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीचे अध्यापक होते. चरितार्थाचा निकष लावायचा तर विसाव्या शतकातील मराठी कथेचा फार मोठा भाग हौशी लेखकांनीच लिहिलेला आहे. तरीही यांपैकी कोणाला हौशी म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही. याचा अर्थ असा की या शब्दामागचा खरा निकष वेळेचा किंवा पैशाचा नाही. तो कारणाचा आहे. लेखक का लिहितो या प्रश्नाचे जे उत्तर समीक्षेला प्रतिष्ठित वाटते ते देणारा लेखक ‘लेखक’ ठरतो, आणि न देणारा ‘हौशी’.

ही प्रतिष्ठित उत्तरे कोणती, हे मराठी समीक्षेच्या परिभाषेवरून सहज कळते. साधना, उपासना, व्रत, निष्ठा हे सारे शब्द धर्मव्यवहारातून आलेले आहेत. फडक्यांनी लेखनतंत्र शिकवणारा ग्रंथ लिहिला (१९३१) तेव्हा त्यालाही ‘प्रतिभासाधन’ हेच नाव दिले. खरे तर तो ग्रंथ अनेक होतकरूंच्या हौसेला वाट दाखवणारा होता. परंतु शीर्षकातून ध्वनित होते ती साधनाच. पुढे ‘सत्यकथा’च्या वर्तुळाने कलाकृतीच्या स्वायत्ततेचा आग्रह धरला, आणि त्याच्या विरोधात उभ्या राहिलेल्यांनी सामाजिक बांधिलकीचा. भालचंद्र नेमाडे यांनी लेखकाचा ‘लेखकराव’ का होतो असा खोचक प्रश्न विचारला, तेव्हा साहित्यसंस्थांत मिरवणाऱ्या लेखकाची प्रतिष्ठा खिळखिळी झाली; पण तिच्या जागी त्यांनी जी मागणी केली ती नैतिकतेची होती. हे पक्ष एकमेकांशी कडाडून भांडले तरी एका बाबतीत त्यांचे एकमत होते. लेखनाचे कारण लेखकाच्या व्यक्तिगत सोयीगैरसोयीपेक्षा मोठे असले पाहिजे, हे ते एकमत. एखादा मनुष्य कंटाळा आला म्हणून, गंमत वाटली म्हणून, किंवा आपले नाव बाजूला ठेवून आपली परीक्षा व्हावी म्हणून कथा लिहितो, हे उत्तर दोन्हीकडे गैरलागू ठरते.

वस्तुतः संस्कृत काव्यशास्त्र या बाबतीत अधिक मोकळे होते. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त जी प्रयोजने सांगितली त्यांत यश आहे, द्रव्य आहे, अमंगळाचे निवारण आहे, म्हणजे लेखकाच्या अगदी खाजगी हिताची दखल आहे. व्यवहारज्ञान, तत्काळ मिळणारा परमानंद आणि प्रियेने करावा तसा गोड उपदेश ही उरलेली प्रयोजने. यांतली कवीची कोणती आणि रसिकाची कोणती, याची वाटणी टीकाकारांनी पुढे केली. मराठी समीक्षेने या यादीतून आनंद आणि उपदेश ठेवून घेतले आणि बाकीचे कवीच्या चरित्राकडे सोपवले. चरित्रकारांनीही त्याकडे फारसे लक्ष दिले नाही.

या उपेक्षेची किंमत काय, हे पाहण्यासाठी एक उदाहरण विशेष उपयोगी आहे. जयंत विष्णु नारळीकर हे व्यवसायाने गणिती आणि विश्वरचनाशास्त्रज्ञ. कोल्हापुरात १९३८ साली जन्म, वाराणसीत बालपण व शिक्षण, १९५७ पासून केंब्रिज, १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आगमन, आणि १९८८ पासून पुण्याच्या ‘आयुका’ची उभारणी, असा हा प्रवास. २० मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. मराठी वाङ्मयेतिहासात त्यांची नोंद विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून देणारे लेखक अशी होते, आणि या नोंदीला जोडूनच येणारे वाक्य म्हणजे त्यांनी विज्ञानप्रसारासाठी कथा लिहिल्या, हे. हे वाक्य खोटे नाही. नारळीकरांनी स्वतःच ते अनेकदा म्हटले आहे. परंतु त्यांनी आणखीही एक हकीकत सांगितली आहे. ती किस्सा म्हणून पुनःपुन्हा सांगितली जाते; पुरावा म्हणून तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

ती हकीकत १९७४ मधली. मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा जाहीर केली होती. त्या सुमारास नारळीकर अहमदाबादेत एका परिसंवादाला उपस्थित होते. व्याख्यान रटाळ होते. समोर टिपणांसाठी दिलेले कोरे कागद होते. त्या कागदांवर, त्या व्याख्यानाच्या चालू काळात, त्यांनी एका कथेला सुरुवात केली. ती पुढे ‘कृष्णविवर’ या नावाने ओळखली गेली. कथा पूर्ण झाल्यावर ती स्वतःच्या नावाने पाठवण्याऐवजी त्यांनी ‘नारायण विनायक जगताप’ असे नाव घेतले. परिषदेतील मंडळींना आपले हस्ताक्षर परिचित असेल या शंकेने कथेची प्रत पत्नी मंगला नारळीकर यांच्याकडून लिहवून घेतली. कथेला पहिले पारितोषिक मिळाले आणि मग लेखकाची ओळख उघड झाली.

या घटनाक्रमात विज्ञानप्रसाराच्या हेतूने न उलगडणाऱ्या दोन गोष्टी आहेत. प्रसारच करायचा तर नारळीकरांचे नाव हे त्या काळी सर्वांत परिणामकारक साधन होते. फ्रेड हॉइल यांच्या समवेत मांडलेल्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धान्तामुळे १९६४ पासून ते नाव देशभर गाजत होते. हे साधन त्यांनी प्रयत्नपूर्वक बाजूला ठेवले. दुसरी गोष्ट कथेच्या आरंभाची. व्याख्यान हा विज्ञानप्रसाराचा रूढ मार्ग, आणि ही कथा जन्मली ती व्याख्यानापासून पळ काढण्याच्या गरजेतून. (ज्याने कधी तीन दिवसांच्या परिसंवादात मागच्या रांगेत बसून वहीच्या समासात रेघोट्या मारल्या असतील त्याला ही गरज समजावून सांगावी लागत नाही.)

टोपणनावाकडे जरा बारकाईने पाहिले पाहिजे. जयंत विष्णु नारळीकर ही आद्याक्षरे ज–वि–ना. नारायण विनायक जगताप ही ना–वि–ज. म्हणजे हे नाव केवळ मुखवटा नाही. ते मूळ नावाचे आरशातले प्रतिबिंब आहे. पुढे नारळीकरांनी ‘उजव्या सोंडेचा गणपती’ ही कथा लिहिली. मोबियस पट्टीच्या कल्पनेवर ती आधारलेली आहे. अवकाशाला विशिष्ट पीळ मिळाला तर त्यातून फिरून आलेली वस्तू डाव्याची उजवी होऊन परतेल, ही ती कल्पना. आणि तिच्या जोरावर क्रिकेटचे मैदान आणि देव्हाऱ्यातली मूर्ती अशा दोन टोकांच्या गोष्टी कथेत एका सूत्रात ओवल्या आहेत. सर्व अवयव तेच, घटकद्रव्ये तीच, पण बाजू उलटलेली. ही कल्पना लेखकाला इतकी का भावावी? तिचे भौतिकशास्त्र जितके मनोरंजक तितकीच ही गोष्टही नोंदण्यासारखी आहे, की तिने आधी लेखकाच्या स्वतःच्या नावावर प्रयोग केला होता. उलट करून पाहिले तर आपण तेच राहतो का, हा प्रश्न प्रथम स्पर्धेच्या पाकिटावर विचारला गेला आणि मग कथेत.

टोपणनावाची दुसरी परंपरा येथे समोर ठेवली तर या प्रयोगाचे स्वरूप आणि त्याची मर्यादाही कळते. १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह प्रसिद्ध झाला आणि पाठोपाठ १९३४ मध्ये ‘हिंदोळ्यावर’. पुढे मालतीबाई बेडेकर म्हणून ओळखल्या गेलेल्या बाळूताई खरे यांच्यासाठी ते नाव हे संरक्षण होते. शिक्षणक्षेत्रात काम करणाऱ्या अविवाहित स्त्रीने सुशिक्षित प्रौढ कुमारिकांच्या मनाविषयी लिहिणे म्हणजे नोकरी आणि लौकिक दोन्ही पणाला लावणे होते. पुस्तकाने जे वादळ उठवले त्यावरून ते दिसलेच. तेथे नाव लपवले नसते तर कथा लिहिलीच गेली नसती. नारळीकरांना लपण्याची सक्ती नव्हती. अनाम राहणे ही त्यांच्या बाबतीत चैन होती, प्रतिष्ठित पुरुषाला परवडणारी. हौस हा शब्दच मुळी अशा सवलतीचा निदर्शक आहे. बाईच्या हातून झालेले लेखन ‘हौस’ म्हणून क्षम्य मानले जाई ते पाकक्रिया आणि भरतकामाच्या हद्दीत असेपर्यंत. ती हद्द ओलांडली की लगेच कारण विचारले जाई. म्हणून हौशी लेखनाचा गौरव करताना हौस कोणाला करता येत होती, हे विसरता येत नाही. ‘कृष्णविवर’ची स्पर्धेला गेलेली प्रत मंगलाबाईंच्या अक्षरात होती, हा तपशील या दृष्टीने वाटतो तितका निरागस नाही. त्या स्वतः गणितज्ञ होत्या.

तरीही चैन म्हणून नारळीकरांचे कारण क्षुल्लक ठरत नाही. ज्याच्या प्रत्येक विधानाला त्याच्या कीर्तीचे वजन आधीच लाभलेले असते, त्याला आपल्या वाक्याचे स्वतःचे वजन किती हे कळण्याचा मार्ग उरत नाही. वैज्ञानिक नियतकालिकांत निनावी परीक्षण होते ते बहुधा परीक्षकाचे नाव झाकून. लेखकाचे नाव उघडेच असते. कथास्पर्धेने त्यांना ती निराळी सोय दिली. मम्मटाच्या यादीतले पहिले प्रयोजन यश. येथे ते नाकारून लेखन सुरू होते, किंवा अधिक नेमके म्हणायचे तर, आधी मिळालेले यश बाजूला सारून दुसरे, कष्टाने मिळवायचे यश शोधले जाते.

याखेरीज भाषेचे कारण आहे. नारळीकर घरात मराठी बोलत वाढले, पण त्यांचे शालेय शिक्षण वाराणसीत हिंदीतून झाले आणि पंधरा वर्षांचा केंब्रिजचा व्यवहार इंग्रजीतून. मराठी ही त्यांच्यासाठी व्यवसायाची भाषा कधीच नव्हती. मुंबईत परतल्यावर दोनच वर्षांत पहिली कथा मराठीत लिहिली जाते, यात घरच्या भाषेत मोठ्या माणसासारखे काही करून पाहण्याची ओढ असावी असे अनुमान निराधार ठरू नये. त्यांच्या कथांची भाषा साधी, क्वचित शालेय वळणाची वाटते. तिच्यात बोलीचे पदर जवळजवळ नाहीत. समीक्षकांना हा दोष वाटतो, आणि तो आहेही. पण ही भाषा महाराष्ट्राच्या कोणत्याही एका गावात मुरलेली नाही. ती परप्रांतातल्या घरात जपून ठेवलेली आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या नीटनेटकेपणाचा उगम तरी कळतो.

केंब्रिजने आणखी एक गोष्ट दिली. नारळीकरांचे गुरू हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ साली, म्हणजे नारळीकर तेथे पोचले त्याच वर्षी, प्रसिद्ध झाली. तिच्या प्रस्तावनेत हॉइल यांनी या लेखनाला सहकाऱ्यांसाठी केलेली मौज मानले आहे. तेथील विद्यापीठीय वातावरणात प्राध्यापकाने सुटीत कादंबरी लिहिणे ही गोष्ट कोणाला खुलासा मागण्याजोगी वाटत नव्हती. मराठीतही तसा माणूस झाला नव्हता असे नाही. चिं. वि. जोशी हे बडोद्याचे पालीचे पंडित; बौद्ध वाङ्मयाचा त्यांचा व्यासंग गंभीर होता, आणि १९३०च्या दशकात त्यांनी चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांना जन्म दिला. परंतु विनोदाला कारण विचारण्याची पद्धत नसल्याने ते सुटले. विज्ञानकथेला मात्र कारण विचारले गेले, आणि हेतूची भाषा हेच तिचे ओळखपत्र बनले.

त्यामागे संस्थात्मक कारणेही होती. स्पर्धा घेणारी मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली ती मराठीतून विज्ञानाचा प्रसार करण्यासाठी. पारितोषिकानंतर ‘किर्लोस्कर’चे संपादक मुकुंदराव किर्लोस्कर यांनी आणखी कथा मागितल्या, आणि त्या मासिकाची सारी परंपरा उद्यम आणि सुधारणा यांची. कथांचा पहिला संग्रह ‘यक्षांची देणगी’ १९७९ मध्ये निघाला तो मात्र ‘मौज’कडून, म्हणजे ज्या घराने ‘सत्यकथा’ चालवली त्याच घराकडून. कलावादाच्या या प्रकाशनगृहाने विज्ञानकथा स्वीकारली खरी. तिच्याशी बोलायची भाषा मात्र त्या वर्तुळाच्या समीक्षेपाशी नव्हती. त्यामुळे तिच्याविषयीचे बोलणे विज्ञानप्रसारकांकडे गेले. कथेतील विज्ञान बिनचूक आहे का, वाचकाची वैज्ञानिक दृष्टी वाढते का, हेच प्रश्न पुढे आले. लेखकानेही जाहीर व्यासपीठावर याच प्रश्नांची उत्तरे दिली. अहमदाबादचे ते कोरे कागद किश्श्यात गेले.

कथा वाचताना मात्र ते कागद पुनःपुन्हा समोर येतात. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा घ्यावी. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे यांना अपघात होतो आणि ते अशा एका जगात जाऊन येतात, जिथे विश्वासरावांना गोळी लागली नाही आणि मराठे पानिपत जिंकले. या कथेचा सर्वांत जिवंत प्रसंग पानिपतचा नाही, आझाद मैदानातला आहे. तेथे एक व्याख्यान चालू असते आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी असते. नऊशे नव्याण्णव सभांचे अध्यक्षपद भूषवलेल्या गंगाधरपंतांना ती रिकामी खुर्ची पाहवत नाही. ते जाऊन तिच्यात बसतात. त्या जगाने मात्र अध्यक्षीय समारोप आणि आभारप्रदर्शन यांना केव्हाच रजा दिलेली असते. श्रोते खवळतात, वस्तूंचा मारा सुरू होतो आणि गर्दीत गंगाधरपंत दिसेनासे होतात. पानिपतच्या विजयाने हिंदुस्थानचे काय भले झाले असते, याच्या कितीतरी कल्पना इतिहासप्रेमी करतील. भाषणांच्या कंटाळ्यातून मुक्त झालेला समाज ही कल्पना फक्त परिसंवादात कथा लिहिणाऱ्याला सुचेल.

आणि याच कथेचा सर्वांत निर्जीव भाग शेवटचा. राजेंद्र देशपांडे हा शास्त्रज्ञ मित्र गंगाधरपंतांना पुंजसिद्धान्तातील अनिश्चितता आणि अनेक जगांची शक्यता समजावून सांगतो. संवाद असला तरी ते व्याख्यान आहे. गंगाधरपंतांचे प्रश्न केवळ पुढच्या परिच्छेदासाठी जागा करून देतात. नारळीकरांच्या कथेची शोकांतिका म्हणावी तर ही आहे. जी कथा व्याख्यानातून निसटण्यासाठी सुरू झाली, तिच्यात व्याख्यान मागच्या दाराने परत येते. त्याला आत घेणारा तो जाहीर, प्रतिष्ठित हेतूच असतो. जेथे लेखक आपल्या खाजगी कारणाशी प्रामाणिक आहे तेथे कथा चालते. जेथे तो सार्वजनिक कारणाचे ऋण फेडू लागतो तेथे ती थांबून फळ्याकडे वळते.

‘धूमकेतू’ या कथेत हा ताण कथावस्तूच बनला आहे, म्हणून ती अधिक सरस उतरली आहे. तिचा नायक दत्ता हा व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञ नव्हे. तो कलकत्त्याचा एक निवृत्त हौशी निरीक्षक आहे. व्यावसायिकांच्या दुर्बिणी ठरावीक कार्यक्रमानुसार अंधुक ताऱ्यांकडे रोखलेल्या असतात. धूमकेतूसारखी किरकोळ गोष्ट त्यांच्या नजरेतून सुटेल आणि आपल्याला सापडेल, अशी त्याला आशा असते. हौशी माणसाचे बलस्थान याहून नेमके सांगता येणार नाही. त्याचे लक्ष कोठे असावे हे दुसऱ्या कोणी ठरवलेले नसते. पत्नी इंद्राणीदेवीला ती दुर्बीण सवतीसारखी वाटते. धूमकेतू सापडतो, त्याचे नाव होते, आणि सत्कारांच्या माऱ्याने हा लाजरा माणूस बेजार होऊन आपण धूमकेतू शोधला नसता तर बरे झाले असते असे म्हणू लागतो. पुढे पृथ्वीवरील संकट, शास्त्रज्ञांची गुप्त योजना, घरात शांतीसाठी झालेला यज्ञ आणि त्यावरचा त्याचा संताप हे सारे येते. कथेचा प्रबोधनपर भाग तो. पण वाचकाच्या मनात राहतो तो रात्री गच्चीवर दुर्बिणीपाशी एकटा बसलेला, कोणाचेही देणे नसलेला म्हातारा.

यावर असा आक्षेप घेता येईल की लेखकाच्या प्रेरणेवरून कृतीचे मूल्य ठरवणे हा जुनाच हेत्वाभास आहे. आक्षेप योग्य आहे. परंतु तो येथे लागू पडत नाही. खाजगी कारणातून लिहिलेली कथा चांगली असते असे म्हणणे नाही. दिवाळी अंकांचे ढीग त्याच्या विरुद्ध साक्ष देतील, आणि नारळीकरांची पात्रेही अनेकदा नावापुरतीच असतात. म्हणणे एवढेच आहे की समीक्षेने लेखकाचे जाहीर कारण स्वीकारून तेवढ्याच मापाने त्याला मोजले, तर तो हेत्वाभास तिने आधीच केलेला असतो, फक्त सार्वजनिक बाजूने. विज्ञानकथेच्या मराठी समीक्षेचे हेच झाले. बाळ फोंडके यांच्यापासून पुढच्या अनेक विज्ञानकथाकारांचे व्यवसाय विज्ञानाशी किंवा तंत्राशी निगडित होते. त्यांच्याही कथा प्रसाराच्या खात्यावर जमा झाल्या. दिवसभर सिद्ध करता येईल तेवढेच बोलण्याची शिस्त पाळणाऱ्या माणसाला संध्याकाळी सिद्ध न करता येणारे बोलावेसे का वाटते, हा प्रश्न त्यांच्याबाबत विचारला गेलेला नाही. विश्वरचनाशास्त्रज्ञाला शोधनिबंधात ‘समजा असे झाले तर’ म्हणण्याची मुभा असते, पण त्या गृहीतकाने एखाद्या प्राध्यापकाची फजिती करण्याची नसते. त्यासाठी दुसरा कागद लागतो.

२०२१ च्या डिसेंबरात नाशिक येथे भरलेल्या चौऱ्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांना देण्यात आले. विज्ञानकथेचा सन्मान म्हणून त्याचे स्वागत झाले, आणि वृत्तपत्रांनी पुन्हा एकदा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाची गोष्ट सांगितली. प्रकृतीच्या कारणाने नारळीकर संमेलनाला येऊ शकले नाहीत. त्यांच्या अनुपस्थितीवर जाहीर टीकाही झाली. मांडवात अध्यक्ष नव्हते आणि भाषणे चालू होती. गंगाधरपंतांनी आझाद मैदानात पाहिले होते तसेच.